समोरचा ब्लफ करतोय हे कळतं, मग कॉल का होत नाही?

प्रश्न : ताई नमस्कार. गोव्याला बोटीवरच्या पोकर टुर्नामेंटमध्ये झालेला एक हात (डाव) डोक्यातून जातच नाहीये. चाळीसेक जण उरलेले, पैसे पहिल्या १८ जणांना. ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघायच्या आधी दोघांनी सक्तीनं लावायच्या चिप्स (छोटी स्मॉल, मोठी बिग), १०००-२०००, वर बिग ब्लाइंडवाल्यानं सगळ्यांच्या वतीनं भरायची २००० अँटी, माझ्याकडे ६०,००० चिप्स. मला इस्पिकचा एक्का आणि चौकटची राणी आली, मी ४५०० ला रेझ केलं (बेट वाढवली), फक्त बिग ब्लाइंडवाल्यानं कॉल केला (तेवढ्याच चिप्स लावल्या). फ्लॉप, म्हणजे टेबलवरचे सगळ्यांचे पहिले तीन पत्ते, आला बदामची राणी, बदामची अठ्ठी, किलवरची चौकी. त्यानं चेक (काही न लावता पाळी सोडली), मी ५०००, त्याचा कॉल. टर्नला (चौथा पत्ता) इस्पिकची दुर्री, परत चेक, मी ११,०००, परत कॉल. रिव्हरला (पाचवा, शेवटचा पत्ता) चौकटची सत्ती पडली आणि त्यानं एकदम ऑल-इन (सगळ्या चिप्स) सरकवलं. माझ्याकडे ३९,५०० राहिले होते, त्याच्याकडे जास्त. हा माणूस संध्याकाळपासून भरपूर हात खेळत होता. मला आतून वाटत होतं की ह्याचा फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते) चुकलाय, तरी मी फोल्ड केलं (पत्ते टाकून दिले). त्यानं बदामचे गुलाम-दश्शी उलटे करून दाखवले आणि टेबलवर सगळे हसले. माझं नक्की कुठं चुकलं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी ते हसणं डोक्यातून काढा. पत्ते दाखवणं हा त्याच्या खेळाचाच भाग असतो, पुढच्या हातात तुम्ही चिडून वाट्टेल ते कॉल करावं म्हणूनच दाखवतात.

आता हिशोब. रिव्हरला पॉटमध्ये (मधल्या ढिगात) ४४,००० होते. तुम्ही ३९,५०० घालणार आणि जिंकलात तर त्याचे तेवढेच अधिक पॉट असे ८३,५०० मिळणार. म्हणजे शंभरात बत्तीस वेळा जरी तुमचा हात पुढे असला तरी बरोबरी होते, म्हणजे तीनातून दोनदा हरलात तरी फारसं बिघडत नाही. बहुतेक जण इथंच अडकतात, त्यांना वाटतं कॉल करायचा तर आपण बरोबर असल्याची खात्री पाहिजे. एवढी खात्री कुणालाच नसते आणि ती लागतही नाही.

मग प्रश्न असा की त्याच्याकडे काय काय असू शकतं. चांगले हात आधी बघू. तीन अठ्ठ्या किंवा तीन चौक्या असत्या तर दोन बदाम पडलेल्या फ्लॉपवर हा माणूस दोन्ही वेळा नुसता कॉल करत बसला असता का? बहुतेक जण तिथं रेझ करतात, कारण फ्लशवाल्याला स्वस्तात पत्ता बघू द्यायचा नसतो. राणी-अठ्ठीचंही तेच. मग उरतं काय, तर सत्तीनं ज्यांचं भलं झालं ते हात. एकाच रंगाची छक्की-पंजी, तिचा चौकीपासून अठ्ठीपर्यंत सिक्वेन्स लागला, ती चार प्रकारे येऊ शकते. राणी-सत्ती एका रंगाची दोन प्रकारे, अठ्ठी-सत्ती दोन प्रकारे. झाले आठ, आणि हेही हात मोठ्या मनानं मोजलेत, टर्नला ११,००० देऊन अठ्ठी-सत्ती पुढे नेणारे सगळेच नसतात.

आता चुकलेले बदाम मोजा. राजा-गुलाम, राजा-दश्शी, राजा-नव्वी, गुलाम-दश्शी, गुलाम-नव्वी, दश्शी-नव्वी, हे सहा झाले, शिवाय एक्का आणि बारका बदाम असे अजून काही. आठ चांगल्या हातांसमोर तुम्हाला बत्तीस टक्के गाठायला जेमतेम चार ब्लफ लागतात. सहा-सातातले चार. संध्याकाळपासून भरपूर हात खेळणारा माणूस एवढे करतोच. त्यात तुमच्या हातात एकही बदाम नव्हता हे फार महत्त्वाचं, कारण तुमच्याकडे बदामचा एक्का असता तर त्याच्या चुकलेल्या हातांतले काही आपोआप कमी झाले असते. माझं मत स्पष्ट आहे, हा कॉल होता. त्यानं छक्की-पंजी दाखवली असती तरी हा कॉलच होता, हे नीट लक्षात ठेवा.

एक गोष्ट मात्र सांभाळा. हेच सगळं एखाद्या अशा माणसानं केलं असतं जो तास-तास पत्ते टाकून देतो आणि रिव्हरला कधी मोठी बेट करतच नाही, तर मी विचार न करता फोल्ड सांगितलं असतं. शांत खेळाडूची रिव्हरवरची मोठी बेट बहुतेक वेळा खरी निघते. वरच्या आकड्यात माणूस बसवल्याशिवाय तो आकडा अर्धवटच.

आणि तुम्ही एकटे नाही आहात. २००३ ची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर, लास वेगासचं बिनियन्स हॉर्सशू, १०,००० डॉलर एन्ट्री, ८३९ खेळाडू, शेवटी दोघं उरले, टेनेसीचा अकाउंटंट ख्रिस मनीमेकर आणि मुरलेला व्यावसायिक सॅमी फारा. फाराकडे राणी-नव्वी, त्यात राणी इस्पिकची. फ्लॉप नव्वी-दुर्री-छक्की, म्हणजे फाराची वरची जोडी. टर्नला अठ्ठी आली आणि टेबलवर तीन इस्पिक झाले. फारानं ३ लाख लावले, मनीमेकरनं ८ लाखांवर नेलं, फाराचा कॉल. रिव्हरला तिर्री, कुणाच्याच कामाची नाही, आणि मनीमेकर ऑल-इन. त्याच्या हातात इस्पिकचा राजा आणि एक सत्ती, म्हणजे फ्लशही चुकला आणि सिक्वेन्सही. फारा त्याला तोंडावर म्हणाला की तुझा फ्लश चुकलेला दिसतोय. वाचन अगदी अचूक! आणि मग त्यानं फोल्ड केलं. थोड्याच वेळात मनीमेकर २५ लाख डॉलर घेऊन जिंकला. हातात स्वतःचा इस्पिक असल्यामुळं समोरच्याचा तयार फ्लश असण्याची शक्यता थोडी कमी होते, हेही फाराच्या बाजूनं होतं. वाचता येणं वेगळं आणि आपल्या वाचनावर सगळ्या चिप्स लावणं वेगळं. दुसरी गोष्ट यायला आकड्यांचा आधार लागतो, म्हणून तुम्हाला एवढा हिशोब करायला लावला.

प्रश्न : समोरच्याच्या चेहऱ्यावरून ब्लफ कसा ओळखायचा? मी डोळ्यात बघत राहते पण काहीच कळत नाही.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : चेहरा सोडा, हात बघा. मायकल स्लेपियन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली एक अभ्यास छापला, त्यात २००९ च्या वर्ल्ड सिरीजमधल्या व्यावसायिकांच्या बेट करतानाच्या क्लिप लोकांना दाखवल्या आणि पत्ते किती चांगले असतील ते विचारलं. नुसता चेहरा बघणाऱ्यांचे अंदाज चक्क उलटेच गेले, आणि नुसते हात बघणाऱ्यांचे अंदाज बऱ्यापैकी बरोबर आले. ज्याच्या हाताची हालचाल सहज, न अडखळता होत होती त्याचे पत्ते जास्त करून चांगले होते. चेहरा सगळेच सांभाळतात ना, चिप्स पुढे सरकवणाऱ्या हाताकडे तेवढं लक्ष राहत नाही.

तरी ह्यावर सगळा डोलारा उभा करू नका. हात थरथरतोय म्हणून ब्लफ असं मानणारे खूप जण मार खातात, कारण जबरदस्त पत्ते आल्यावरही हात थरथरतो, किंबहुना तेव्हाच जास्त. तुम्हाला त्या माणसाची नेहमीची लकब माहीत पाहिजे, तो साध्या डावात चिप्स कशा मोजतो, किती वेळ घेतो, मग त्यापेक्षा वेगळं काही केलं तर त्याला अर्थ. म्हणून तुम्ही डावात नसताना फोन बाजूला ठेवा आणि बघत बसा. आणि आकडे अगदी काठावर असतील तेव्हाच ह्या निरीक्षणानं इकडं की तिकडं ठरवा.

प्रश्न : सरावासाठी कुठल्या अ‍ॅपवर पैसे लावून खेळू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कुठल्याच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदा आला, त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे, खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा भेदही त्यात ठेवलेला नाही. कुणी आडमार्गानं सोय करून देतो म्हणत असेल तर लांब राहा. मित्रांबरोबर बिनपैशाच्या चिप्स लावून हात खेळा आणि प्रत्येक हात संपला की सगळ्यांनी पत्ते उघडून चर्चा करा, यातून शिकायला भरपूर मिळतं.

प्रश्न : टुर्नामेंटमध्ये आम्ही चौघं उरलो, तिघांना पैसे, ५०,०००, ३०,००० आणि २०,०००. चौघांचे स्टॅक (चिप्सचे साठे) साधारण सारखे. स्मॉल ब्लाइंडवाल्यानं ऑल-इन केलं, मी बिग ब्लाइंडला, माझ्याकडे एक्का-दश्शी. तो कशावरही ढकलतोय हे मला माहीत होतं, मी पुढे असायची शक्यता साठ टक्के तरी असेल. मी फोल्ड केलं तर मित्र म्हणतात घाबरलास. खरंच घाबरलो का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही, तुमचं फोल्ड बरोबर होतं. मित्र चिप्स मोजतायत, तुम्ही पैसे मोजले.

बक्षिसं मिळून एक लाख, चौघं सारखे, म्हणजे प्रत्येकाच्या चिप्सची आत्ताची किंमत २५,०००. आता समजा तुम्ही कॉल केलं आणि जिंकलात. चिप्स दुप्पट झाल्या, पण किंमत दुप्पट होत नाही. अर्ध्या चिप्स तुमच्याकडे, म्हणून पहिलं यायची शक्यता अर्धी, दुसरं यायची एक तृतीयांश, तिसरं यायची एक षष्ठांश. बक्षिसांना गुणून बेरीज केली की साधारण ३८,३३३ होतात. हरलात तर हातात शून्य. म्हणजे १३,३३३ मिळवायला तुम्ही २५,००० पणाला लावताय. ब्लाइंडचे थोडे पैसे बाजूला ठेवले तर ह्या कॉलला पन्नास टक्के पुरत नाहीत, पासष्ट लागतात. तुमच्याकडे साठ होते.

तो कशावरही का ढकलतोय तेही ह्यातच आहे. त्याला हा आकडा माहीत आहे, तुम्हाला कॉल करणं किती महाग पडतं ते तो ओळखून आहे आणि त्याचाच फायदा घेतोय. तो ब्लफ करतोय हे कळूनही पत्ते टाकून द्यावे लागतात अशी ही जागा. एक्का-राजा किंवा दश्शीची जोडी असती तर मी कॉल म्हटलं असतं. आणि पुढच्या वेळी तुम्ही स्मॉल ब्लाइंडला असाल, बिग ब्लाइंडला नीट विचार करून खेळणारा माणूस असेल, तर पहिला ऑल-इन तुम्ही करा, तेव्हा हा पासष्टचा बोजा त्याच्या डोक्यावर जातो.