पाना-पक्कड : शेडचं कुलूप काढावंसं वाटत नाही

(जुन्या गाड्यांविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देत आहेत कोल्हापूरच्या उद्यमनगरात ४१ वर्षं गॅरेज चालवून निवृत्त झालेले मिस्त्री, वय ७२.)

प्रश्न : मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, वय ६६. वडिलांनी १९७६ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे आहे. ती नव्यासारखी करायची म्हणून चार वर्षांपूर्वी पूर्ण खोलली. इंजिन बोअर करून आणलं, बॉडी घासून प्रायमर मारला. मग गुडघ्यांनी डोकं वर काढलं, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि काम थांबलं ते थांबलंच. सामान अकरा खोक्यांत पडून आहे. पूर्वी रविवारची वाट बघायचो, आता शेडचं कुलूप काढावंसं वाटत नाही. मुलगा म्हणतो, भंगारात द्या. वय झालं की उत्साह जातोच का? का विकून टाकू? — एक वाचक, मिरज

उत्तर : नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. उत्साह वयानं गेला असं मला वाटत नाही. चार वर्षांत त्या इंजिनाचा आवाज तुमच्या कानावर पडलेला नाही, हे खरं दुखणं आहे. वडिलांनी तुम्हाला जिच्यातून फिरवलं ती गाडी होती. शेडमध्ये आहेत ती खोकी. खोक्यांवर माणसाचा जीव बसत नाही, मग तो चाळिशीचा असो की सत्तरीचा.

माझ्याकडे अशा खोललेल्या गाड्या टेम्पोत घालून यायच्या. मालक बरोबर आलेला असायचा आणि गाडीकडे न बघता खाली बघत बोलायचा. कष्टाला कुणीच कमी नव्हतं. सगळ्यांची चूक एकच : आधी सुंदर करायची आणि मग चालवायची, असा क्रम त्यांनी धरलेला. तरुणपणी तो क्रम चालून जातो, कारण पुढं पुष्कळ रविवार आहेत असं वाटत असतं. आपल्या वयाला तो उलटा करावा लागतो. आधी गाडी जागची हलली पाहिजे. रंग, क्रोम, सीटचं कापड हे सगळं चालत्या गाडीवर करता येतं.

माझं सांगतो. माझी स्वतःची पद्मिनी १९७९ ची. दर रविवारी माझा एक लेथवाला दोस्त यायचा, त्याला गाडीतलं फारसं कळायचं नाही, पण मला हवा तो बुश, म्हणजे सांध्यात बसणारं धातूचं नळकांडं, तो दुपारच्या चहाआधी काढून द्यायचा. तो गेला, त्यानंतर दीड वर्ष मी गाडीवरची ताडपत्री काढली नाही. गिअरबॉक्स उतरवायचा राहिला होता, आणि ताडपत्रीकडे नजर गेली की तो गिअरबॉक्सच आठवायचा. हात लावायच्या आधीच दमल्यासारखं व्हायचं. एका सकाळी मी ठरवलं की गिअरबॉक्सचं नावच काढायचं नाही. हॉर्न वाजत नव्हता, तो धरला. स्टिअरिंगच्या मधली टोपी काढली, आत पितळी पट्टी हिरवी पडलेली. पॉलिश पेपरचा नखाएवढा तुकडा घेऊन ती घासली, पिवळी झाली. स्प्रिंग बसली होती, ती जरा ताणून घेतली. टोपी लावली, बॅटरी जोडली, दाबलं, वाजला. पाऊण तासाचं काम. आवाज ऐकून आमची मंडळी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि कट्ट्यावर बसून राहिली. त्या दिवशी मी ताडपत्री परत घातली नाही.

म्हणून तुम्हाला माझा हिशोब देतो. गाडीच्या कामाचे मी तीन प्रकार करतो : मांडीवरचं, ओट्यावरचं आणि गाडीखालचं. कार्बोरेटर, डेल्को (प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर), वायपरची मोटर, हॉर्न, मीटर हे मांडीवर घेऊन बसता येतं. सेल्फ, डायनॅमो, वॉटर पंप कमरेइतक्या उंच ओट्यावर. क्लच, गिअरबॉक्स, सायलेन्सर, ब्रेकचे पाइप हे गाडीखालचं. साठी ओलांडली की गाडीखालचं काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घ्यावं, त्यात कमीपणा कसला? गाडीची माहिती तुमच्या डोक्यात आहे, तुम्ही शेजारी स्टूल टाकून बसा आणि करून घ्या. पण मांडीवरचं आणि ओट्यावरचं काम कुणाला देऊ नका. एकदा ते दिलंत की गाडी तुमच्या नावावर राहील, पण तुमची राहणार नाही.

आता तुमच्या गाडीचं. बोअर केलेलं इंजिन चार वर्षं उभं आहे, त्याला घाईनं सेल्फ मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी पुलीच्या नटाला पाना लावून हातानं फिरवा. जड लागलं तर थांबा, परत तेल, परत एक रात्र. ते मोकळं फिरायला लागलं की पहिला टप्पा झाला, त्या दिवशी आणखी काही करू नका. इंजिन गाडीत बसवायला दोन तरुण हात आणि चेन-पुली लागेल, एका दिवसाची मजुरी. प्लग न लावता सेल्फ मारून ऑइलचा दिवा विझू द्या, आणि मगच प्लग लावा. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडायचा क्रम, १-३-४-२, ती शेडच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा.

बॉडीबद्दल एक गोष्ट तातडीची आहे. प्रायमर पाणी अडवत नाही, तो ओल शोषून घेतो. चार पावसाळे गेलेत, मिरजेची हवा तुम्ही जाणता. चाकांच्या कमानी आणि दाराचे खालचे काठ बघा, फोड आले असतील. तेवढं खरवडून, परत प्रायमर मारून वरून कुठलाही साधा रंग हातानं मारून घ्या. दिसायला कसा का दिसेना. फायनल रंग गाडी चालायला लागल्यावर.

डोळ्यांचं म्हणाल, तर बायफोकल चष्म्यानं गाडीचं काम करू नका. त्यात जवळचं बघायची काच खाली असते आणि आपल्याला बघायचं असतं वर, बॉनेटखाली किंवा डॅशबोर्डच्या आत. मान मागे टाकून टाकून आखडते आणि नट तरीही धूसरच. हातभर अंतराचा एकाच नंबरचा साधा चष्मा करून घ्या, तो शेडमध्येच खुंटीला टांगा. कपाळाला लावायची बॅटरी घ्या. गुडघ्यांसाठी मी बाथरूममधलं बुटकं स्टूल वापरतो. गंजलेल्या नटाशी जोर लावत बसू नका : आदल्या संध्याकाळी त्यावर तेल सोडायचं, सकाळी लांब दांड्याचा रिंग पाना लावायचा. जोराचं काम तेलाला रात्रभर करू द्यावं. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. स्टँड लावा, आणि घरात कुणी नसेल त्या दिवशी गाडी उचलूच नका.

स्पेअरचंही सांगायला हवं, कारण सामान मिळेना म्हणूनही माणूस खचतो. कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी बनायची बंद झाली त्याला आता दोन तपं उलटली. तरी मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर सामानाला गिऱ्हाईक होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण पुण्याच्या नाना पेठेत अजून जुने दुकानदार आहेत, वरच्या माळ्यावरून काढून देतात. जे मिळत नाही त्यातलं बरंच लेथवर करून घेता येतं. मिरजेहून उद्यमनगर किती लांब आहे? खोकी उघडून आधी एक यादी करा : काय आहे, काय नाही. वही आणि पेन, खुर्चीवर बसून. हे या महिन्याचं काम समजा.

विकायचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे. यादी करताना तुम्ही एखादा भाग हातात घेऊन पुसत बसलात, तर विकू नका. पण ती अकरा खोकी उघडताना मनात काहीच हललं नाही, तर गाडी नीट जोडून, चालती करून अशा माणसाला द्या जो ती चालवेल. खोललेली गाडी घ्यायला येतो तो बहुतेक वेळा सुट्या भागांचा व्यापारी असतो. वडिलांच्या गाडीला तसं जाऊ देऊ नका.

प्रश्न : मी ५९ वर्षांची आहे, वडिलांची पद्मिनी चालवते आणि किरकोळ कामं स्वतः करते. अलीकडे स्टिअरिंग फार जड लागतं आणि स्टिअरिंगवरचा गिअर टाकताना खांदा दुखतो. गाडी बाहेर काढायचा कंटाळा यायला लागलाय. — एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, दोष खांद्याचा नाही, ग्रीसचा असावा. पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं त्या किंगपिनच्या निपलमध्ये, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडात, शेवटचं ग्रीस कधी भरलं होतं? पुढची चाकं जमिनीवरून उचलून, खाली स्टँड लावून ग्रीस गन मारायची. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. निपलमधून ग्रीस आत जात नसेल तर निपल चोंदलंय, नवं घाला, स्वस्त असतं. स्टिअरिंग बॉक्समधलं तेल बघा. टायरची हवा बघा, ती कमी असली तरी स्टिअरिंग दगडासारखं होतं. आणि उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवायची सवय असेल तर सोडा, गाडी जरा सरकती ठेवून वळवा. गिअरच्या सळ्यांचे बुश झिजले की दांडा लांब फिरतो आणि खांद्याला ताण पडतो, ते बुश बदलून घ्या. ग्रीसपाणी झालं की एकदा गंगापूर धरणापर्यंत जाऊन या, कंटाळा गाडीचा होता की जडपणाचा ते तिथं पोचेपर्यंत कळेल.

अजून एक. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आणि पद्मिनीच्या इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) आणि जुने रबरी पाइप त्यासाठी केलेले नव्हते. पाइप बोटानं दाबून बघा. मऊ, चिकट लागला तर लगेच नव्या प्रकारचा घाला. गरम इंजिनावर पेट्रोल गळणं म्हणजे आगीला आमंत्रण. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीकडून पंपात येणारा पाइप काढून, त्याचं तोंड बंद करून, कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा. हँडब्रेक लावून ठेवू नका, ब्रेक ड्रमला चिकटून बसतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला वीट लावा.

प्रश्न : माझे आजोबा ७९ वर्षांचे आहेत. त्यांची फियाट दारात आहे, पण वर्षभरात त्यांनी बॉनेट उघडलेलं नाही. मी मेकॅनिकल डिप्लोमा करते. ‘मी करून देते’ म्हटलं तर ‘राहू दे’ म्हणतात. त्यांना परत गाडीपाशी कसं न्यावं? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : बाळ, ‘मी करून देते’ म्हणू नकोस. त्यांना वाटतं, आता आपलं काम संपलं. तू त्यांच्याकडे शिकायला जा, आणि खरोखर न येणारी गोष्ट विचार. कॉलेजात हल्ली पॉईंटचा गॅप, म्हणजे डेल्कोतल्या ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांमधली फट, कुणी शिकवत नसेल, तो विचार.

फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पानांचा जुडगा, विकत घे. खुर्ची गाडीजवळ मांड, बॉनेट तू उघड, डेल्कोची टोपी काढ. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हळूहळू पुढं ढकल, म्हणजे आतला कॅम फिरेल. पॉईंटची टाच कॅमच्या उंचवट्यावर आली की थांब. तिथं पॉईंट सगळ्यांत जास्त उघडे असतात. आता अठरा थाऊचं (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पान आजोबांच्या हातात दे. ते पॉईंटमधून ओढताना थोडं धरल्यासारखं लागलं पाहिजे. अडकायला नको आणि सुळकन निसटायलाही नको. हे सांगून कळत नाही, बोटांना कळतं, आणि त्यांच्या बोटांना ते पन्नास वर्षांपासून माहीत आहे. डोळ्यांना दिसत नसलं तरी चालतं. मग पान तू घे, तू ओढ. ते म्हणतील, अजून घट्ट आहे. स्क्रू तू फिरव, त्यांनी परत ओढून बघावं. असं चार-पाचदा होईल. उजेडाला बॅटरी तू धर.

टोपी नीट बसवायला विसरू नका. सेल्फ त्यांनाच मारू दे. पहिल्या सेल्फला लागली का, ते मला कळव.