साताऱ्यात राहतो, हँडिकॅप 24 आहे, पुण्यातल्या अमॅच्युअर गोल्फ स्पर्धेत नाव देऊ का?

द्या की बिनधास्त, 24 वाल्यालाही बरोबरीने खेळता यावं म्हणूनच तर हँडिकॅप असतो, 18 होलच्या खेळात साधारण प्रत्येक होलला एक आणि सगळ्यात अवघड 6 होलना दोन स्ट्रोकची (फटक्यांची) सूट मिळते. स्टेबलफोर्ड, म्हणजे प्रत्येक होलचे पॉइंट मोजायचा फॉरमॅट, असेल तर अजून उत्तम, नेट पारला (सूट वजा करून होलच्या ठरलेल्या फटक्यांत संपवलं तर) 2 पॉइंट, नेट बोगीला (त्याहून एक फटका जास्त) 1, एखादं होल पार बिघडलं तर बॉल उचलायचा आणि पुढे. मी अशा स्पर्धा खेळतो, नवीन माणसाचं नुकसान शॉटपेक्षा नियमांत जास्त होतं, म्हणून बॉलवर पेनाने खूण करा, बॅगेत 14 च्या वर स्टिक नकोत, हरवलेला बॉल शोधायला फक्त 3 मिनिटं मिळतात आणि प्रोव्हिजनल (पहिला बॉल हरवला असेल असं वाटून मारायचा दुसरा बॉल) मारायच्या आधी तसं मोठ्याने सांगायचं. फक्त स्ट्रोकप्ले (एकूण फटके मोजायचा फॉरमॅट) असेल तर प्रत्येक होल संपवावंच लागतं, त्यामुळे एंट्री भरण्याआधी फॉरमॅट आणि हँडिकॅपची मर्यादा फोन करून विचारून घ्या.