मुंबई ते टोरोंटो : चोपड्याच्या दारापासून मोज भाऊ

भाऊ, तू विचारलंस की जानेवारीत टोरोंटोला कायमचं यायचंय, मुंबईहून विमानाचं अंतर किती, तास किती लागतात, आणि पुढे आईवडिलांना हा प्रवास झेपेल का. मी फैजपूरकडचा, इकडे टोरोंटोत बरीच वर्षं झाली, म्हणून सविस्तर सांगतो.

सरळ अंतर साधारण साडेबारा हजार किमी. सपाट नकाशावर वाटतं की युरोपवरून अटलांटिक ओलांडून जायचं, पण शाळेतल्या पृथ्वीच्या गोलावर मुंबई ते टोरोंटो दोरा ताणून धर, तो रशियावरून पार आर्क्टिकपर्यंत वर चढतो. ताशी नऊशेच्या हिशोबाने चौदा तास व्हायला पाहिजेत, पण जाताना पश्चिमेचं वारं समोरून येतं, आणि हवाई हद्दींचीही भानगड आहे. 2025 च्या एप्रिलपासून पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, तेव्हापासून त्यांना वळसा पडतो, म्हणून तिकीट काढताना किमी बघू नको, एकूण वेळ बघ.

दुबईवरून आलास तर मुंबई-दुबई 1,930 आणि पुढे 11,080, म्हणजे तेरा हजार. सरळपेक्षा फक्त पाचशेच जास्त! तीन तास अधिक चौदा तास, मधे चारेक तास थांबा, झाले एकवीस. नवख्या माणसाला हे बरं पडतं, मधे पाय मोकळे होतात.

पण खरा प्रवास तुझ्या दारापासून आहे ना. समज चोपड्याहून सकाळी अकराला निघालास, जळगावहून दुपारची गाडी धरली, कसारा घाट उतरून संध्याकाळी कल्याण, तिथून टॅक्सीने विमानतळ. पहाटे साडेचारचं विमान असलं तरी आदल्या रात्रीच पोचून बस, गाडी दोन तास लेट झाली तरी धाकधूक नको. पहाटे निघून टोरोंटोत त्याच तारखेला दुपारी तीनला उतरशील, कारण हिवाळ्यात इथलं घड्याळ साडेदहा तास मागे असतं. इमिग्रेशन आणि बॅगा धरून घर ते टोरोंटो विमानतळाबाहेर चाळीस तास पकड.

आणि दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घे, हे मात्र कळकळीने सांगतो. मी पहिल्यांदा पाच-सहा हजार वाचवायला वेगवेगळी काढली, पहिलं विमान उशिरा आलं, दुसरं निघून गेलं, आणि काउंटरवर सरळ सांगितलं की ते तिकीट आमचं नाही. आईने दिलेला बिबड्यांचा स्टीलचा डबा मांडीवर घेऊन रात्रभर खुर्चीवर बसलो होतो, सकाळी नवीन तिकीट काढलं, पूर्ण पैसे गेले. एका तिकिटावर असलास तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी विमान कंपनीची असते.

आईवडिलांना झेपतं रे, माझे दोनदा येऊन गेले. बुकिंग करतानाच व्हीलचेअर सांगून ठेव, त्याचे पैसे लागत नाहीत आणि सोबत माणूस मिळतो, भाषेचीही अडचण कमी होते. गल्लीकडची सीट घे, दर दोन तासांनी उठून चालायला सांग नाहीतर पाय सुजतात. त्यांना मे-जूनमध्ये बोलव, पहिल्यांदाच थंडीत नको.

तू पोचशील तेव्हा घरी रात्रीचा दीड वाजलेला असेल. आईला आधीच सांगून ठेव फोन कधी येईल ते, नाहीतर ती संध्याकाळपासूनच वाट बघत बसेल.