दसऱ्याच्या कार्डावर स्टेन्सिलने आपट्याचं पान काढताना शाई कडेखाली पसरते, काय करू?

शाई जास्त होतीये, दुसरं काही नाही. स्पंज शाईच्या पॅडवर टेकवून आधी रद्दीवर ठोकायचा, जवळपास कोरडा वाटला की मग स्टेन्सिलच्या कडेवरून आत हलक्या हातानं गोल गोल फिरवायचा, आधी पिवळा मग केशरी आणि टोकाला जरासा तपकिरी, एकदम गडद लावला तर नंतर फिका करता येत नाही. स्टेन्सिल जुन्या एक्स-रे फिल्मची कापा, कागद दुमडून अर्धं पान कापलं की दोन्ही पाकळ्या सारख्या येतात, तोच आकार फिल्मवर उतरवा. कार्डाचा कागद २५० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप, जास्त म्हणजे जाड) पुढचाच घ्या, पातळ कागद वाकडा होतो. आपल्याकडं मराठवाड्यात दसऱ्याला आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडतात, त्यापेक्षा हे कार्डावरचं सोनं मला लई आवडतं. फिल्म उचलताना सरळ वर उचला, सरकवली की पुसलंच.