पाण्यात पडलेला कॅमेरा दुरुस्तीला नेण्याआधी

भाऊ, सोमेश्वरला धबधब्यापाशी कॅमेरा भिजला ना, मग आधी तो चालू करून बघायचा मोह आवर, बॅटरी काढ, कार्ड काढ आणि तांदळाच्या डब्यात वगैरे घालू नकोस, त्याने काही होत नाही, उलट पीठ आत जातं. लवकर ने, कारण पाणी सुकलं तरी आत गंज चालूच राहतो.

आता एस्टिमेटचं. फोनवर आकडा मागू नको, उघडून बघितल्याशिवाय कोणी सांगितला तर तो अंदाजपंचेच. तपासणीचे पैसे किती, दुरुस्ती नाही केली तरी द्यावे लागतात का, हे आधीच विचार. पावतीवर सिरियल नंबर लिहून घे, पार्ट आणि मजुरी वेगळी, आणि "विचारल्याशिवाय पुढचं काम करू नये" हेही. मी एकदा नुसतं तोंडी ठरवलं आणि बिल दुप्पट आलं, बोलणार काय! जुना पार्ट परत माग, लाजू नको.

लेन्स वेगळी तपासून घे, नाशकातल्या पावसाळी हवेत फंगस धरते. आणि खर्च त्याच मॉडेलच्या सेकंडहँड बॉडीच्या (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याच्या) किमतीच्या निम्म्यावर गेला तर मी तरी दुरुस्त करत बसणार नाही.