अंगावरचं दूध काढायला पंप लावला की दुखतं आणि दूधही जेमतेम येतं. पुढच्या महिन्यात कामावर जायचंय, काय करू?

तुम्ही लिहिलंय की पंपाचा जोर शेवटपर्यंत वाढवला तरी बाटलीचा तळ कसाबसा झाकतो. आधी तो जोर खाली आणा. मीही हेच करत होते. बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या घरी पहाटे पाचला दात आवळून बसायचे. एकदा सासूबाई म्हणाल्या, "अगं, गायसुद्धा वासरानं ढुशी दिल्याशिवाय पान्हवत नाही. ते यंत्र नुसतं ओढून काय करणार?"

हसले तेव्हा, पण बरोबर त्यांचंच होतं. पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिनमुळे. दूध बनवणाऱ्या पेशींभोवतीचे बारीक स्नायू त्यानं आवळले जातात आणि दूध पुढे येतं. दुखणं, घाई, कोणी दार वाजवेल ही धास्ती, यानं तो अडतो. म्हणून पंप लावण्याआधी पाच मिनिटं कोमट फडक्यानं शेका, हलक्या हातानं चोळा, बाळाचं झबलं जवळ घ्या. सुरुवातीला पंप हलका आणि भराभर चालू द्या. धार लागली की संथ करा आणि जोर थोडा वाढवा, पण दुखायच्या अलीकडे थांबा. साधारण १५-२० मिनिटं पुरतात. मधूनमधून हातानं स्तन हलकेच दाबत राहिलात तर दूध जास्त निघतं, हे मला फार उशिरा कळलं.

दुखण्याचं दुसरं कारण म्हणजे स्तनावर बसणारा, चाडीसारखा (नरसाळ्यासारखा) तो प्लॅस्टिकचा भाग. माझ्या पंपाबरोबर २४ मिलिमीटरचा आला होता आणि मला लागत होता १९ चा. स्तनाग्र नळीत मोकळं पुढेमागे सरकायला हवं. भोवतीचा काळा भाग आत खेचला जात असेल तर माप मोठं आहे, स्तनाग्र कडेला घासत असेल तर लहान. मोजपट्टीनं स्तनाग्राची रुंदी मोजा, मगच मागवा.

आता कामाचं. मी मकरपुऱ्याला जात होते. आधी मला "बाथरूममध्ये काढ ना" असं सांगितलं गेलं. बाळाचं जेवण संडासात कोण करतं हो? शेवटी स्टोअररूमची किल्ली मिळाली, आणि शेजारच्या टेबलावरच्या बेन (गुजरातीत ताई) बाहेर पहारा द्यायच्या. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजण्यासाठी रोज कामाच्या मध्ये दोन जादा छोट्या सुट्ट्या होत्या, आणि आता त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही त्या आहेत. मागताना हे सांगा. दोनदा काढायचं ठरवलंत तर वेळ शक्यतो चुकवू नका, कारण स्तन भरलेले राहिले की शरीर हळूहळू दूध कमी बनवतं.

काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच चार तास बाहेर टिकतं. आपल्याकडच्या मे महिन्यात हा हिशेब विसरा. बर्फाचे पॅक घातलेल्या थर्मास पिशवीत लगेच ठेवा. फ्रिजमध्ये आतल्या बाजूला चार दिवस चालतं, दारात नको. वर साय धरली तर घाबरू नका, बाटली गोल फिरवली की मिसळते. गरम करायचं ते कोमट पाण्यात बाटली ठेवून, मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नाही. आमच्या लेकानं बाटली थुंकून दिली, तेव्हा सासूबाईंनी माळ्यावरून जुनं चांदीचं बोंडलं (बाळाला दूध पाजायचं चोचीचं भांडं) काढलं आणि दोन दिवसांत गाडी रुळावर आली.

स्तन लाल, गरम झाला, ताप आला तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरकडे जा. आणि पंपात दूध कमी दिसलं म्हणून दूधच कमी आहे असं नसतं. बाळ दिवसातून सहा-सात लंगोट ओले करतंय, वजन वाढतंय, तर ते पोटभर पितंय.

पंपाचा तो पांढरा रबरी वॉल्व्हही तपासा. माझा तिसऱ्या महिन्यात सैल होऊन पंपाची ओढच कमी झाली होती, आणि मी मात्र हळिवाचे लाडू वाढवत बसले होते.