१८८८ सालचे जर्मन सम्राट फ्रीडरिश यांचे चांदीचे नाणे दुर्मीळ मानावे का?

हा सम्राट जेमतेम ९९ दिवस गादीवर होता, तेव्हा तुमच्याकडील त्याचे पाच मार्कांचे (मार्क हे तेव्हाचे जर्मन चलन) नाणे दुर्मीळच असणार, असा तुमचा कयास आहे. राजवट अल्पायुषी होती हे खरे, पण तेवढ्यावरून नाणे दुर्मीळ ठरत नाही.

९ मार्च १८८८ रोजी वडील पहिले विल्हेल्म वारले, तेव्हा फ्रीडरिश घशाच्या कर्करोगाने इतके खंगले होते की त्यांना बोलताही येत नव्हते, आणि १५ जूनला त्यांचेही निधन झाले. (आपल्या जुन्या रुपयांवर जिची छबी आहे, त्या व्हिक्टोरिया राणीचे हे थोरले जावई.) तरीही बर्लिनच्या टांकसाळीने त्यांच्या छापाची पाच मार्कांची सुमारे २ लाख नाणी पाडली, आणि लोकांनी ती आठवण म्हणून जपून ठेवल्यामुळे आजही चांगल्या अवस्थेत मिळतात. गंमत अशी की, त्यांच्यानंतर तीस वर्षे राज्य करणाऱ्या दुसऱ्या विल्हेल्मचे त्याच १८८८ सालचे, मागे लहान गरुड असलेले पाच मार्कांचे नाणे अवघे ५६ हजारांच्या घरात पाडले गेले, त्यामुळे संग्राहक खरा शोध त्याचा घेतात.

नाणे अस्सल आहे का, हे पाहण्यासाठी आधी ते सोनाराच्या काट्यावर ठेवावे. वजन २७.७८ ग्रॅमच्या आसपास आणि व्यास ३८ मिलिमीटर भरला पाहिजे. चांदी ९०० टंचाची, म्हणजे शुद्ध चांदी २५ ग्रॅम. दाढीधारी चेहरा उजवीकडे वळलेला असतो, मानेखाली बर्लिनच्या टांकसाळीची खूण म्हणून रोमन लिपीतले ‘ए’ हे अक्षर असते, आणि कडेवर ‘गॉट मिट उन्स’, म्हणजे ‘देव आमच्या पाठीशी’, हे शब्द असतात. इतिहासात हा सम्राट ‘तिसरा फ्रीडरिश’ म्हणून ओळखला जातो, पण नाण्यावर नाव नुसतेच ‘फ्रीडरिश’ असे कोरलेले आहे, ‘तिसरा’ नाही. तेवढ्यावरून नाणे खोटे समजू नये. कडेवर अक्षरांऐवजी नुसत्या खाचा असतील, तर मात्र शंका घ्यायला जागा आहे.

किंमत ठरते ती मुख्यतः झिजेवरून. गाल, कानावरचे केस आणि दाढी यांच्या रेषा कितपत शाबूत आहेत, ते भिंगाखाली पाहावे. नाणे काळवंडले असले तरी घरच्या चांदीच्या भांड्यांसारखे रांगोळीने घासू नये, कारण घासलेल्या नाण्याला जाणकार संग्राहक चांदीच्या भावापेक्षा फारसे जास्त द्यायला तयार होत नाहीत.